सिस्टरची झोप

पडदेवाल्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्या डोक्यावरचे निम्मे केस गेलेले होते आणि उरलेले पांढरे झालेले होते. बायकोही काही कोवळी नव्हती. इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका म्हणून तिचं सगळं तरुणपण गेलं होतं. तिला सगळेच सिस्टर म्हणत. डॉक्टर, पेशंट, पेशंटचे नातेवाईक, फाटकावरचा पहारेकरी, कोपऱ्यावरचा दूधवालासुद्धा. “अख्खं गाव जिला बहीण म्हणतं तिच्याशी लग्न केलंय मी,” असं पडदेवाला मित्रांना सांगायचा आणि त्यांच्याआधी स्वतःच हसायचा. तो तिला ‘अहो’ म्हणायचा. तीही त्याला ‘अहो’च म्हणायची. त्यामुळे घरात हाक ऐकू आली की ती आपण मारली की आपल्याला मारली, याचाच दोघांना घोळ व्हायचा. पडदेवाल्याचे वडील, आबा, यांना ऐकू कमी येई, पण हा घोळ त्यांना बरोब्बर कळे. “आता तरी नावानं बोलवा रे एकमेकांना,” ते म्हणत. दोघं लाजत आणि पुन्हा ‘अहो’वरच येत.

त्यांची ओळखही पडद्यावरूनच झाली होती. वॉर्डातल्या खाटांभोवतीचे पडदे शिवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. पडदे लागले आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला, रात्रपाळीच्या सिस्टरनी बोलावलंय. तो संध्याकाळी गेला. तिनं एक पडदा धरला आणि सर्रकन ओढला. लोखंडी कड्या नळीवरून खणखणत गेल्या. जवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं दचकून डोळे उघडले.

“पडदा देखणा आहे,” सिस्टर म्हणाली. “राजवाड्यात शोभेल. पण मला इथं माणसं झोपवायची असतात.”

त्यानं सगळ्या कड्या काढल्या आणि नायलॉनच्या बसवल्या. मग त्या नीट सरकतात का, हे बघायला आला. मग एका पडद्याची शिवण उसवल्यासारखी वाटते म्हणून तो घरी नेला आणि न उसवलेली शिवण पुन्हा घालून परत आणला. नंतर दोरी बघायला आला. अशी बरीच निमित्तं झाल्यावर एके दिवशी सिस्टरच म्हणाली, “अहो, आता पडद्याआडून बोलणं पुरे झालं. काय ते सरळ विचारा.”

त्यानं विचारलं. ती हो म्हणाली.

लग्न ठरल्यावर पडदेवाल्याला एकच काळजी लागली. सिस्टरची झोप दिवसाची. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि त्यातली झोपायची खोली नेमकी रस्त्याच्या अंगाला. समोर बसचा शेवटचा थांबा. तिथं बस येऊन उभ्या राहत, ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून खाली उतरत, हातपाय मोकळे करत, आणि पुन्हा गाडी वळवून निघत. पाठीमागच्या खोलीत पडदेवाल्याचं शिलाई मशीन आणि कापायचं लांबलचक टेबल ठाण मांडून बसलेलं. ते हलवावं तर कुठं? त्यानं बराच विचार केला आणि लग्नाची भेट म्हणून झोपायच्या खोलीला दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून घेतल्या. “बाहेरून रणगाडा गेला तरी आत कपातल्या चहावर तरंग उठणार नाही,” असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. पडदेवाल्यानं एका सुट्टीच्या दिवशी खिडकी लावून पाहिली. खाली दोन बायका भांडत होत्या. त्यांचे हातवारे दिसत होते, शब्द मात्र एकही आत येत नव्हता. तो खूश झाला.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी सिस्टर पाळीवरून आली, तेव्हा त्यानं तिला खिडकीपाशी नेलं, मूठ फिरवून दाखवली, आणि दोन काचांवर टकटक केली. कुणी तिच्यासाठी असा विचार केल्याला फार वर्षं झाली होती. तिचे डोळे भरून आले. दुपारी ती उठून बाहेर आली.

“झोप झाली?” त्यानं विचारलं.

“छान झाली,” ती म्हणाली.

झाली नव्हती. भांडणाऱ्या बायका खिडकीनं थोपवल्या होत्या, पण बसची घुरघुर थोपली नव्हती. ती कानांत येत नव्हती, गादीतून वर येत होती. सिस्टर उशीवर डोकं टेकायची, डोळा लागायचा, आणि खाली बस येऊन उभी राहायची. मग काचा बारीक थरथरत, तिच्या छातीतही तशीच थरथर होई. बस गेली की शांतता. शांततेत पुढची बस कधी येणार, याची वाट बघणं. पण हे त्याला सांगायचं कसं? तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती खिडकी दाखवत होता. तिनं ठरवलं, सवय होईल. सवय झाली नाही.

पडदेवाल्याला यातलं काही कळायचा संभवच नव्हता. दिवसभर तो पाठीमागच्या खोलीत मशीन चालवायचा आणि शेजारी आबांचा रेडिओ, त्यांना ऐकू यावा इतक्या मोठ्यानं, बातम्या सांगत असायचा. समोर बस येवो की विमान उतरो.

पुढे सिस्टर सकाळी घरी यायचीच बंद झाली. “नव्या मुली आल्यात वॉर्डात,” ती म्हणाली. “त्यांना शिकवून मग निघते. उशीर होतो.” दुपारी घरी येई तेव्हा तोंडावर तजेला असे. पडदेवाल्याला वाटे, शिकवणं मानवतंय बायकोला.

अशातच त्याला सार्वजनिक वाचनालयातून बोलावणं आलं. वाचनकक्षाचे जुने पडदे उन्हानं विटले होते. तो सकाळीच मापं घ्यायला गेला. जुनी दगडी इमारत, जाड भिंती, मागे बाग. आत पंख्याची तेवढी कुजबुज. ग्रंथपाल बाई मवाळ स्वभावाच्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी त्याला खिडक्या दाखवल्या आणि हळूच म्हणाल्या, “त्या कोपऱ्यातली खिडकी शेवटी घ्या हं. तिथं एक बाई झोपल्यात.”

पडदेवाल्यानं वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जाडजूड शब्दकोश उघडा होता आणि त्यावर गाल टेकून त्याची बायको झोपली होती. चपला काढून टेबलाखाली नीट जोडून ठेवलेल्या. तोंड किंचित उघडं.

“रोज येतात,” ग्रंथपाल बाई कुजबुजल्या. “नियमाप्रमाणं उठवायला पाहिजे. पण जीव होत नाही. घरी काहीतरी त्रास असणार बिचारीला.”

पडदेवाल्याच्या हातातली मापाची टेप सुटली आणि आपोआप गुंडाळत सळकन डबीत गेली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. कोपऱ्यातली बाई हललीसुद्धा नाही.

“कसला त्रास?” त्यानं विचारलं.

“आपल्याला काय माहीत? नवरा असेल एखादा,” बाई म्हणाल्या आणि उसासा टाकून काउंटरकडे गेल्या.

त्यानं बाकीच्या खिडक्यांची मापं कशीबशी घेतली. ती सगळी चुकली, हे त्याला नंतर कळलं. घरी येईपर्यंत त्याच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. आपलं घोरणं? पण ती झोपते तेव्हा आपण जागेच असतो. आबा? आबांवर तर तिचा जीव आहे. मग आपणच नकोसे झालो का? या वयात लग्न करायची हौस कुणाला होती, आपल्यालाच ना? 

आबा रेडिओपाशी डुलक्या घेत होते. तो झोपायच्या खोलीत गेला, दार लावलं, आणि काय सुचलं कोण जाणे, तिच्या बाजूला, तिच्या उशीवर आडवा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कामाच्या दिवशी भर सकाळी त्या खोलीत झोपला होता. आधी सगळं शांत वाटलं. मग खाली बस आली. थांबली. इंजिन चालूच राहिलं. पलंगाच्या डोक्याकडची फळी हलकेच वाजू लागली. शेजारच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात त्यानं पाहिलं. पाणी थरथरत होतं.

चहावर तरंग उठणार नाही म्हणे.

बस गेली. तो पडून राहिला. दुसरी आली. तो तसाच पडून राहिला, आणि त्याच्या मनातले बाकीचे सगळे संशय एकेक करून उतरून गेले. उरली ती एकच गोष्ट. ती रोज ‘छान’ म्हणत होती, आणि आपण रोज मान डोलावत होतो.

पण पडदेवाला तो पडदेवालाच. बायकोला काही विचारावं, असं त्याच्या मनातच आलं नाही. त्यानं आपल्याकडचं सगळ्यात जाड कापड काढलं, त्याला आतून लोकरीचं अस्तर लावलं, त्यालाही आणखी एक अस्तर लावलं, आणि छतापासून जमिनीपर्यंत असा पडदा शिवला की तो उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली. पडदा टांगला तेव्हा खोलीत गुडुप अंधार झाला. सिस्टर आली, तिनं पडदा बघितला आणि ती दोन पावलं मागे सरली.

“अहो, हे काय?”

“आवाज अडतो यानं,” तो इकडेतिकडे बघत म्हणाला. “म्हणजे, थोडा येतो ना आवाज? कधीकधी? येत असला तर.”

“नाही हो, कुठं येतो?” ती चटकन म्हणाली. मग पडद्यावरून हात फिरवून म्हणाली, “पण काय सुंदर शिवलाय! आता तर बघायलाच नको.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच घरी आली आणि झोपली. दुपारी उठून म्हणाली, “छान झाली.” तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिसऱ्या दिवशी नव्या मुली पुन्हा शिकायला तयार होत्या.

पडदेवाला वाचनालयात गेला. या वेळी मापाची टेप नेली नाही. कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला, समोरची खुर्ची उचलून, न वाजवता मागे घेतली आणि बसला. ती झोपली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. लग्न झाल्यापासून इतका वेळ त्यानं तिला निवांत पाहिलंच नव्हतं. झोपेत तिच्या कपाळावरची आठी गेलेली होती. शब्दकोशाच्या पानावर तिच्या श्वासाचा ओलसर डाग पडला होता. उठवायची घाई नव्हती. त्यानं एक मासिक घेतलं, दोन लेख वाचले, शब्दकोडं सोडवायला घेतलं आणि अडला.

ती जागी झाली, तिनं समोर पाहिलं, पुन्हा डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले.

“अहो,” ती म्हणाली.

“हं.”

“तुम्ही इथं?”

“शब्दकोडं सोडवतोय. शब्दकोश मोकळा व्हायची वाट बघत होतो.”

तिचा चेहरा कसानुसा झाला. तिनं पदरानं पानावरचा डाग पुसला. “कधी कळलं तुम्हाला?”

“मापं घ्यायला आलो होतो. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, नवऱ्याचा त्रास असेल बिचारीला.”

“अगं बाई!” ती मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावरून ‘शुक’ आलं. ती खाली वाकून कुजबुजली, “मी असं काही बोलले नव्हते हो त्यांना. शपथेवर सांगते.”

“मग मला का नाही सांगितलंत? बस ऐकू येते म्हणून?”

“तुम्ही एवढ्या हौसेनं खिडक्या बसवल्यात,” ती म्हणाली. “माझ्यासाठी आजवर कुणी साधी उशीसुद्धा आणली नव्हती. आणि मी म्हणू, की नीट नाहीत?”

“माझ्या पडद्याच्या कड्या वाजतात म्हणून तुम्ही मला वॉर्डात उभं करून ऐकवलं होतं!”

“तेव्हा तुम्ही परके होता,” ती म्हणाली. “परक्याला सांगायला काय लागतं?”

त्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला, तो मासिकावर आपटला, मासिक खाली पडलं, आणि आता ‘शुक’ दोन टेबलांवरून आलं. ग्रंथपाल बाई चष्मा सावरत येऊन उभ्या राहिल्या. पडदेवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, “मीच तो. नवरा. यांना घरी घेऊन जातो.” बाईंचा चेहरा असा झाला की सिस्टरला हसू आवरेना. ती चपला घालून तोंडावर पदर धरून बाहेर पळाली.

घरी आल्यावर सिस्टरनं झोपेचं नाव काढलं नाही. तिनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला.

“खिडकी तपासू या,” ती म्हणाली.

तिनं कानांत नळ्या घातल्या आणि चकती आधी काचेवर, मग चौकटीवर, मग चौकट आणि भिंतीच्या सांध्यावर, अशी बोटाबोटानं सरकवत नेली. चेहरा अगदी वॉर्डात असायचा तसा गंभीर. पडदेवाला मागे हात बांधून पेशंटच्या नातेवाईकासारखा उभा. खालच्या डाव्या कोपऱ्यात ती थांबली. खाली बस येऊन उभी होती.

“इथं,” ती म्हणाली. “इथून अख्खी बस आत येतेय. ऐका.”

त्यानं ऐकलं. इंजिनच काय, ड्रायव्हर कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होता, तेसुद्धा ऐकू आलं. मग दोघांनी मिळून सगळी खिडकी तपासली. तो पेन्सिलीनं भिंतीवर फुल्या मारत गेला. आबा काठी टेकत दारात आले.

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“खिडकीला दमा आहे!” पडदेवाला ओरडून म्हणाला.

“जमा? काय जमा?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्यांची कामं करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. बाई आडव्या अंगाच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि तोंडानं एक क्षण गप्प न बसणाऱ्या. फुल्या बघून त्या खूश झाल्या. “निम्मं काम तुम्हीच केलंत की!” मग त्यांनी खिडकीत कागदाचा कपटा धरून ती लावली, आणि खिडकीची मूठ आवळलेली असताना कपटा अलगद ओढून काढला. “बघा. रबरी पट्टी बसलीच नाहीये धड. आणि चौकटीमागं भिंतीत पोकळी सोडलीय, वरून नुसती पट्टी मारून झाकलीय. खिडकी वाईट नाही, घाईत बसवलीय. हे सगळं भरून काढू. मग बोलणं, हॉर्न, शटर, सगळं मंदावेल.”

“आणि बस?” सिस्टरनं विचारलं.

“बस राहील थोडी. जड आवाज ना तो. या दोन्ही काचा एकाच जाडीच्या, मध्ये जेमतेम बोटभर जागा. एक थरथरली की दुसरी तशीच थरथरते. बसला बंद करायचं तर आतल्या बाजूनं आणखी एक काच लावावी लागेल. जाड, वेगळ्या जातीची, मध्ये चिकट पापुद्रा असलेली. आणि तीही हिच्यापासून वीतभर लांब.”

“काय म्हणतेय ही?” आबांनी विचारलं.

“तिसरी काच लावायची म्हणतात!” पडदेवाला ओरडला.

“दोघींचं पटत नाही म्हणून तिसरी आणायची?” आबा म्हणाले. “अरे, संसारात असं करू नये.”

“आजोबा, उलट आहे!” खिडकीवाल्या बाई त्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या. “दोघींचं फारच पटतंय! एक जे म्हणेल तेच दुसरी म्हणते!”

सिस्टरनं पडदेवाल्याकडे पाहिलं. पडदेवाल्यानं छताकडे.

काम सुरू झालं. पट्ट्या बदलल्या, पोकळी घट्ट भरली, आणि त्यावर पुट्टीचा हात फिरला. तिसरी काच आली तेव्हा ती जिन्यातून वर चढवायला शेजारच्यांनीही हात लावला. जुनी खिडकी आणि नवी काच यांच्यामधल्या वीतभर जागेच्या कडांना मऊ काहीतरी लावायचं होतं, म्हणजे आवाज तिथंच जिरतो, असं बाईंनी सांगितलं. पडदेवाला म्हणाला, हे माझं काम. त्यानं लोकरीचा जाड नमदा कापून, कोपरे जुळवून, अशी चारही बाजूंना झूल बसवली की खिडकीवाल्या बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यावर फिरवून पाहिली आणि पुढच्या गिऱ्हाइकांसाठी त्याचा फोन नंबर घेतला. आतली काच बिजागरीवर ठेवली, पुसायला आणि हवेसाठी उघडता यावी म्हणून.

सगळं झाल्यावर दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसून बसची वाट बघू लागले. बस आली. खिडकीतून ती दिसली, थांबलेली दिसली, ड्रायव्हर उतरलेला दिसला. पण ग्लासातलं पाणी हललं नाही. अगदी लक्ष दिलं तर कुठंतरी दूर काहीतरी चालू आहे, असं वाटत होतं. शेजारच्या घरातला फ्रीज चालू असावा तसं.

“येतोय थोडा,” सिस्टर म्हणाली.

“थोडा येतोय,” तो म्हणाला.

“पण एवढ्या आवाजात झोप लागेल मला. खरंच सांगते.”

आणि ती तिथंच, बसल्या बसल्या त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. त्याचा हात बधिर होईपर्यंत तो हलला नाही.

गंमत पुढेच झाली. बाहेरचा आवाज गेला तसा घरातला आवाज मोठा झाला. आजवर बसनं झाकलेलं सगळं उघडं पडलं. आठवडाभरानं सिस्टर दुपारी बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“खरं सांगू?” ती म्हणाली.

पडदेवाल्यानं मशीन थांबवलं. “सांगा.”

“आता तुमचं मशीन ऐकू येतं. आणि आबांच्या बातम्या.”

तो मग हसला. त्यानं मशीनच्या पायांखाली उरलेला नमदा घातला, टेबल भिंतीपासून सरकवलं, आणि मधल्या दाराला खालून रबर लावलं. मशीन आटोक्यात आलं. आबांचा रेडिओ मात्र आटोक्यात येईना. आवाज कमी करा म्हटलं की आबा रुसत. “मी काय बहिरा आहे? तो बातम्यावालाच पुटपुटतो.”

सिस्टरनं त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि कानांत डोकावून पाहिलं. “अहो आबा,” ती म्हणाली, “आत तर मळाची गच्च बुचं बसलीत.” काही दिवस तिनं थेंब घातले आणि मग एका सकाळी कोमट पाण्याची पिचकारी घेऊन बसली. आबांनी आधी आरडाओरडा केला. मग ते एकदम गप्प झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“हे टिकटिक करतं?” त्यांनी विचारलं.

“कायमच करतं, आबा,” पडदेवाला ओरडला.

“ओरडतोस कशाला?” आबा दुखावून म्हणाले, आणि जाऊन त्यांनी रेडिओची खुंटी स्वतःच्या हातानं खाली फिरवली.

त्यानंतर घरात एक अडचण झाली. पडदेवाला आणि सिस्टर जे काही हळू आवाजात बोलत, ते आबांना स्पष्ट ऐकू येऊ लागलं, आणि त्यावर आबांचं मतही येऊ लागलं.

सिस्टर आता सकाळी पाळीवरून थेट घरी येते आणि संध्याकाळ उतरेपर्यंत झोपते. झोप पुरी झाल्यावर ती आधीपेक्षा जास्त बोलते, हे पडदेवाल्याच्या लक्षात आलंय. परवा ती पाळीवर निघायच्या आधी त्यानं नेहमीसारखा चहा करून तिच्यापुढे ठेवला. तिनं घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, “खरं सांगू?”

“सांगा.”

“तुम्ही चहा फार उकळता. कडू होतो.”

लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी तो तिला असाच चहा करून देत होता. “मग इतके दिवस काय म्हणत होतात?”

“छान झालाय म्हणत होते.”

“आणखी काय काय छान म्हणत होतात?”

ती पर्स खांद्याला लावून उभी होती. तिनं दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पर्स काढून खुर्चीवर ठेवली. “बसा,” ती म्हणाली. “वेळ लागेल.”

दोघं समोरासमोर बसले. ती एकेक सांगत गेली. तो आधी बचाव करत होता, मग चिडला, मग हसायला लागला. मग त्यानंही एकदोन गोष्टी बाहेर काढल्या, आणि तीही चिडली. आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, “आणि त्याच्या मिशीचंही सांग गं त्याला!”

“मिशीला काय झालंय?” पडदेवाला म्हणाला.

सिस्टर खाली बघून हसत होती.

त्या संध्याकाळी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सिस्टर वॉर्डात उशिरा पोचली. सकाळी ती परत आली, तेव्हा दार उघडणाऱ्या माणसाला तिनं क्षणभर ओळखलंच नाही. वरचा ओठ गुळगुळीत, जरा फिकट, आणि त्याखाली तेच जुनं ओशाळलेलं हसू. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं भुवया उंचावल्या.

“आधीचीच बरी होती,” ती म्हणाली, त्याच्या गालावर थोपटलं, आणि झोपायला गेली.